प्रश्नचिन्हाच्या बाजूने

मराठीला प्रश्नचिन्हाची गरज नाही, असं मी अनेक वर्षं मानत आलो आणि संधी मिळेल तिथे बोलूनही दाखवलं. आता तसं मानत नाही. हे मत बदललं ते कुणी व्याकरणाचं पुस्तक पुढे केलं म्हणून नव्हे. ऊस, बिबट्या, रात्रीची लाईट आणि नारायणगावचा टोमॅटो यांनी मिळून ते बदललं. कसं, ते सांगतो. पण त्याआधी जुनं मत कशावर उभं होतं हे नीट सांगायला हवं, कारण त्यातलं बरंचसं मला आजही खरं वाटतं.

मी मोडी वाचतो. जुन्नरला राहतो. तालुक्यातली आणि मंचर-घोडेगावकडची माणसं जुने कागद घेऊन माझ्याकडे येतात: वाटणीपत्रं, खरेदीखतं, इनामाचे कागद, आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला एखादा कर्जरोखा. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून तर जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या वाचणाऱ्या माणसांची गरज एकदम वाढली. त्यामुळे माझे डोळे दिवसातला बराच वेळ अशा मराठीवर असतात जिच्यात एकही विरामचिन्ह नाही.

ज्यांनी मोडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कागदावर आधी रेघ आखायची, मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जायचं. हात शक्यतो उचलायचा नाही. शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला हे दाखवायला जागा सोडायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह यांतलं काहीच नाही. आणि तरीही याच लिपीत शिवकाळापासून पेशवाई संपेपर्यंत आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं राज्यं चालली, लढाया ठरल्या, लग्नं जुळली, कर्जं फिटली. नवखा माणूस पहिल्यांदा असा कागद पाहतो तेव्हा त्याला ती एक न तुटणारी साखळी वाटते. सवय झाली की कळतं, तिच्यात सांधे आहेत. फक्त ते चिन्हांचे नाहीत, शब्दांचे आहेत.

समोरच्याच्या पत्रातला मजकूर सांगून झाला की 'म्हणोन लिहिले ते कळले' असं येतं. त्या 'म्हणोन'पाशी आपण आज ज्याला अवतरणचिन्ह म्हणतो ते बंद होतं. 'ऐशियास' आलं की इथून उत्तर सुरू, म्हणजे नवा परिच्छेद. 'तरी' आलं की आता आज्ञा किंवा विनंती येणार. 'बहुत काय लिहिणे' आलं की पत्र संपलं. हे शब्द सापडायला लागले की वाचणाऱ्याचा श्वास आपोआप योग्य जागी पडतो. मला या व्यवस्थेचं फार कौतुक होतं, अजूनही आहे. भाषेने स्वतःच्या पोटातून काढलेली विरामचिन्हं ती.

आज आपण वापरतो ती चिन्हं मराठीत रुजवणाऱ्यांत पहिलं नाव घेतलं जातं ते मेजर थॉमस कँडी यांचं. हा माणूस सैन्यात अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आला आणि मराठीत रमला. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात त्याचा हात होता, १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश त्याच्या नावावर आहे, आणि १८५० मध्ये त्याने 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका काढली. शालेय पुस्तकांवर त्याची नजर असायची, त्यामुळे ही चिन्हं शाळेच्या वाटेने घराघरांत गेली. मी कँडीचा द्वेष कधीच केला नाही. त्याच्या कोशावाचून माझं पानही हलत नाही. पण मला वाटे, छापखान्याला आणि शाळा-तपासनीसाला सोयीची म्हणून ही चिन्हं आली, मराठीने मागितली म्हणून नव्हे.

प्रश्नचिन्हाबद्दल तर माझी पक्की खात्री होती. आपल्याकडे प्रश्न शब्दात असतो. 'येतोस का' म्हटलं की विचारणं. 'येतोस ना' म्हटलं की धरून चालून विचारणं. 'येतोय की' म्हटलं की विचारणाऱ्याचं समाधान. 'का येतोस' म्हटलं की कारणाची चौकशी, आणि तीही जरा कपाळाला आठी घालून. एवढी सोय ज्या भाषेत आहे तिला वाक्याच्या शेवटी आकडा लटकवायची काय गरज? जो शब्द सांगतोय तेच चिन्हाने पुन्हा सांगायचं, हा मला अपव्यय वाटे.

आमची शेती कुकडीच्या काठाला आहे. तिथे भावकीच्या वस्त्या उसाच्या फडांत अंतराअंतराने वसलेल्या, आणि सगळ्यांना जोडणारा व्हॉट्सअॅपचा एक ग्रुप. त्या ग्रुपवर एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी एकदा सगळ्यांना कळकळीने विनंती केली की, बाबांनो, विचारत असाल तर शेवटी प्रश्नचिन्ह टाकत जा, गोंधळ होतो. त्यावर मी भलंमोठं उत्तर लिहिलं. मोडी, 'ऐशियास', कँडी, सगळं त्यात आणलं. गुरुजींनी नमस्काराचे हात जोडले आणि विषय तिथेच राहिला. ग्रुपवरच्या पोरांना माझं म्हणणं आवडलं, कारण चिन्ह टाकायला कीबोर्डचं दुसरं पान उघडावं लागतं आणि ते कष्ट वाचले.

पण गोंधळ होतच होता आणि मी तो पाहत होतो.

सगळ्यात जास्त तो लाईटवरून व्हायचा. शेतीपंपाची थ्री फेज लाईट आमच्याकडे पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीत माणसं झोपतात ती एक कान उघडा ठेवून. अशात ग्रुपवर येतं: 'लाईट आली'. लिहिणाऱ्याने विचारलेलं असतं. त्याच्या मनात ते वाक्य शेवटी वर चढलेलं असतं, जसं आपण बोलताना चढवतो. वाचणारा मात्र ते सपाट वाचतो आणि ती बातमी होते. तो उठतो, बॅटरी घेतो, बांधाने विहिरीपर्यंत जातो, स्टार्टरचं बटण दाबतो, मोटर गप्प. मग तोही लिहितो: 'नाही आली'. हेही वाचणाऱ्यावर आहे! तिसऱ्या वस्तीवरचा ते 'नाही आली?' असं वाचतो आणि कळवतो, 'आमच्याकडे पण नाही'. चौथा वैतागून लिहितो, 'मग आली कोणाची'. पाचवा उत्तर देतो, 'मी विचारलं होतं'. सकाळी चहाला हा किस्सा रंगवून सांगितला जातो आणि सगळे पोट धरून हसतात. मीही हसायचो. ऑटो स्टार्टर बऱ्याच जणांनी लावलेत, पण ऑटोने मोटर चालू होते. दारं धरायला माणूस जावाच लागतो, आणि तो जातो एका क्रियापदाच्या भरवशावर.

इथे माझ्या सिद्धान्ताला पहिली भेग पडली. मी म्हणायचो प्रश्न शब्दात असतो. पण माणसं बोलताना तो 'का' कितीदा गाळतात याकडे मी कान देऊन कधी ऐकलंच नव्हतं. 'जेवलास?' 'एसटी गेली?' 'पोरं आली?' 'पाऊस झाला तिकडं?' यांतल्या एकातही 'का' नाही. घरात, बांधावर, पारावर आपण अर्धेअधिक प्रश्न निव्वळ सुरावर विचारतो, आणि शब्दांचा क्रमही बदलत नाही. 'एसटी गेली' आणि 'एसटी गेली?' हे कागदावर अक्षरशः एकच वाक्य आहे. फरक सगळा गळ्यात आहे.

आणि जिथे 'का' असतो तिथेही तो एकच काम करत नाही. 'माल गेला का नाही' हे घ्या. माल गेला की राहिला, असा हा साधा प्रश्न आहे. तोच, माल का गेला नाही, असा जाबही होऊ शकतो. आणि स्वतःच विचारून स्वतःच उत्तर दिलंय, गेला का? नाही, असंही कुणी वाचेल. माझ्या पुतण्याला आडत्याकडून असा एक ओळीचा निरोप आला तेव्हा त्याने तो जाब म्हणून घेतला, उत्तर तसंच कडक दिलं, आणि दोन भल्या माणसांत अबोला धरायची वेळ आली. फोन केल्यावर एका मिनिटात मिटलं, कारण फोनवर आवाज होता.

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराची गोष्ट याहून गुंतागुंतीची. तिथे भाव बोलला जातो तो वीस किलोच्या क्रेटवर, आणि तो किती उड्या मारतो हे २०२३ च्या जुलैने सगळ्या देशाला दाखवलं. क्रेट २००० रुपयांच्या वर गेलं होतं. पुढच्या वेळी तेच क्रेट शंभर-दीडशेलाही विकावं लागतं, आणि मग तोडणीची मजुरीही सुटत नाही. अशा बाजारात शेतकऱ्यांच्या ग्रुपवर आलेली एक ओळ म्हणजे पैसा असतो. एका सकाळी कुणीतरी लिहिलं, 'आज सातशे कोण देतंय'. निम्म्यांनी हा प्रश्न धरला आणि व्यापाऱ्यांची नावं कळवली. निम्म्यांनी हा सुस्कारा धरला: कोण देतंय सातशे, म्हणजे कुणीच नाही. या दुसऱ्यांपैकी एकाने त्या दिवशीचा तोडा पुढे ढकलला. उन्हाळ्यात टोमॅटो एक दिवस झाडावर जास्त राहिला की लाल होतो, लांबच्या गाडीला चालत नाही, आणि मग जवळच्या बाजारात पडेल त्या भावाला द्यावा लागतो.

इथे प्रश्नचिन्हानेही पुरतं भागलं नसतं, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. कारण 'कोण देतंय?' हेही दोन्ही प्रकारे वाचता येतं. उत्तर नको असलेला प्रश्न हा जगभरचा त्रास आहे. लंडनचा हेन्री डेनम नावाचा मुद्रक होता. त्याने १५८० च्या दशकात अशा प्रश्नांसाठी उलट्या तोंडाचं वेगळं प्रश्नचिन्ह वापरून पाहिलं. ते टिकलं नाही. पण त्याला ती गरज जाणवली होती याचं मला आता अप्रूप वाटतं.

'आबा गेले'चा प्रकार मात्र 'लाईट आली'सारखाच. आमचे एक आबा पुण्याला मुलीकडे निघाले होते. सून आळेफाट्याच्या बाजूला राहणाऱ्या दिराला विचारत होती की, आबांना एसटी मिळाली का. तिने लिहिलं 'आबा गेले', आणि चुकून ते भावकीच्या ग्रुपवर पडलं. पहिल्या दोन मिनिटांत भावपूर्ण श्रद्धांजली सुरू झाली. हात जोडलेले, दिवे, फुलं. एकाने आबांचा तरुणपणीचा फेटा बांधलेला फोटो शोधून टाकला. एकाने पुण्याहून निघतो म्हणून कळवलं. आबा फाट्यावर उसाचा रस पीत उभे होते आणि त्यांच्या स्वतःच्या फोनवर हे सगळं येत होतं. त्यांनी वाचून शांतपणे एकच ओळ टाकली, 'अजून गाडी नाही'. या वाक्यानेही दोघे-तिघे गहिवरले. घरोघरी हा किस्सा अजून सांगितला जातो, आणि आबा तो सगळ्यांत जास्त सांगतात.

पूर्णविरामाचंही लहानसं राजकारण आहे, त्यावर फार बोलत नाही. माझी पिढी 'बरं.' लिहिते आणि टिंब देऊन मोकळी होते. कॉलेजातल्या भाचीला त्या टिंबात राग दिसतो. आधी मला हे तिच्या मनाचे खेळ वाटायचे. पण अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये हेच तपासलं होतं: एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की मोबाईलवर वाचणाऱ्याला ते कमी मनापासूनचं वाटतं, आणि तेच उत्तर हाताने चिठ्ठीवर लिहिलेलं असेल तर तसं वाटत नाही. म्हणजे मुलं चिन्हांना गळा देतायत. ज्या पिढीला मी आळशी म्हणत होतो तिने या टिंबांत सूर भरायला घेतलाय.

आता बिबट्याचं. इथे हसणं थांबतं.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात, आणि या पट्ट्यात बिबट्या आता डोंगरात कमी आणि उसात जास्त राहतो. उसातच पिल्लं होतात, उसातच वाढतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, गावोगाव पिंजरे लागतात, आणि तरी संध्याकाळ झाली की आया पोरांना आत घेतात. २०२५ च्या अखेरीस शिरूरच्या पिंपरखेडला माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होती, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. अशा मुलखात ग्रुपवरचा निरोप हा वेळ घालवायचा विषय नसतो. कुठे दिसला, कधी दिसला, कोणत्या बाजूला गेला, यावर कोण घराबाहेर पडायचं ते ठरतं.

थंडीचे दिवस होते, आसपास ऊसतोड चालली होती. फड मोकळे होत गेले की बिबट्या उरलेल्या उसाकडे सरकतो. रात्री ग्रुपवर आलं की मोरीजवळ बिबट्या बसलाय, दुचाकीच्या उजेडात दिसला. सगळ्या वस्त्या जाग्या झाल्या. मग बराच वेळ काही नाही. मग एका पोराने लिहिलं, 'गेला'.

तो विचारत होता. पलीकडच्या वस्तीवर माझ्या एका पुतण्याची बायको ते वाचून उठली. गोठ्याच्या जाळीच्या दाराची कडी लावायची राहिली होती आणि आत गाभण गाय होती. बिबट्या गेला, आता लावून येऊ, म्हणून ती बॅटरी घेऊन बाहेर पडली. गोठ्यापाशी पोचली तेव्हा बॅटरीचा उजेड पलीकडच्या बांधावर गेला आणि उसाच्या कडेला दोन डोळे चमकले. ती वाकली नाही, पळाली नाही. वनखात्याची माणसं गावात येऊन सांगून गेली होती तसं मोठ्याने ओरडत, बॅटरी त्याच्यावर धरून, मागे मागे सरकत दारापर्यंत आली. पुतण्या डबा बडवत बाहेर आला. बिबट्या उसात शिरला. गाय वाचली, ती वाचली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. सगळे त्या पोराला बोलत होते आणि तो रडवेला होऊन सांगत होता की, मी तर विचारलं होतं. मी त्याची बाजू घेतली, आणि सवयीने म्हणालो की, वाचणाऱ्याने मागचा-पुढचा संदर्भ पाहून वाचावं, जुन्या कागदांत असंच वाचावं लागतं. पुतण्याची बायको चूल सारवत होती. मान वर न करता म्हणाली, "तात्या, तुमच्या कागदातली मान्सं कवाच मरून गेलीत. तुमी चार दीस लावून वाचा, त्यान्ला काय होतंय. मला लगी उठून गोठ्यात जावं लागतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी घरी आलो आणि रात्री टेबलावरचा कागद पुढे ओढला. पेशवाईच्या उत्तरकाळातलं एक साधं कारभाराचं पत्र होतं, कितीतरी वेळा वाचलेल्या धर्तीचं. त्याच्या शेवटाकडे नेहमीचा मजकूर होता: बाकीचं सविस्तर पत्र घेऊन येणारा मुखजबानी सांगेल. ही ओळ अशा पत्रांत इतकी ठरलेली असते की, आपण मोडी वाचणारे तिच्यावरून नुसती नजर फिरवून पुढे जातो. त्या रात्री मी तिथे थांबलो.

पत्राबरोबर माणूस यायचा. कधी जासूद, कधी वकील, कधी घरचाच कुणी कारकून. त्याला मजकूर ठाऊक असायचा, लिहिणाऱ्याचा चेहरा त्याने पाहिलेला असायचा, बोलताना आवाज कुठे चढला होता हे त्याच्या कानात असायचं. पत्र वाचून शंका आली तर समोर बसलेल्या त्या माणसाला विचारता यायचं. कचेरीत पत्र मोठ्याने वाचून दाखवलं जायचं, म्हणजे वाचणाराही त्यात गळा घालायचा. मोडीला प्रश्नचिन्ह लागलं नाही कारण तिच्यासोबत माणूस चालत होता. मी इतकी वर्षं कागदाचं कौतुक करत होतो आणि तो कागद घेऊन घाट चढून आलेल्या माणसाला विसरलो होतो. आता निरोप एकटा येतो. ना माणूस, ना गळा, आणि वाचणारा अंधारात एकटा.

मग मी इतर भाषांत काय केलंय ते शोधलं. स्पॅनिशमध्येही मराठीसारखंच होतं: होकार-नकाराचा प्रश्न विचारताना शब्दांचा क्रम बदलावाच लागतो असं नाही, सगळं सुरावर. तिथल्या राजअकादमीने १७५४ मध्ये ठरवलं की, वाक्याच्या शेवटी तर प्रश्नचिन्ह द्यायचंच, पण सुरुवातीलाही उलटं प्रश्नचिन्ह द्यायचं, म्हणजे वाचणारा पहिल्या शब्दापासून सूर धरील. हे वाचल्यावर मला फार आनंद झाला. कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी आमच्या 'लाईट आली'चा विचार करून ठेवला होता.

दुसरी गोष्ट आनंदाची नाही. १९१६ मध्ये आयरिश स्वातंत्र्यासाठी धडपडणाऱ्या रॉजर केसमेंटवर लंडनमध्ये राजद्रोहाचा खटला चालला, तो १३५१ च्या कायद्याखाली. तो कायदा जुन्या फ्रेंचमध्ये लिहिलेला. एका वाक्यात शब्द कुठे तोडायचे यावर सगळा बचाव उभा होता: गुन्हा राज्याबाहेर घडला तरी तो त्या कायद्यात बसतो की नाही. न्यायाधीशांनी मूळ जुना कागद जाऊन पाहिला. बचाव मान्य झाला नाही आणि केसमेंटला फाशी झाली. स्वल्पविरामाने फाशी दिली, असं आजही म्हणतात. आमच्या वाटणीपत्रांत मी रोज याचीच लहान रूपं पाहतो. 'अमका बिन तमका व फलाणा यांचे शेत' असं लिहिलेलं असतं. फलाणा हा अमक्याचा भागीदार, की तमक्याच्या बरोबरीने आलेला आणखी एक वडीलधारा, हे एका स्वल्पविरामाने ठरेल, आणि त्यावर दोन एकर जमीन इकडची तिकडे होईल. लिहिलं तेव्हा सगळ्या गावाला ठाऊक होतं की फलाणा कोण. आज ठाऊक असणारं कुणी उरलेलं नाही.

मी गुरुजींना फोन केला आणि सांगितलं की, प्रश्नचिन्हाबाबत तुमचं म्हणणं मला पटलं. मग ग्रुपवरही तेच लिहिलं, कारण विरोध मी तिथे केला होता. आधीचं लिहिलेलं पुसलं नाही. मोडीबद्दल त्यात जे आहे ते खरंच आहे. फक्त त्यातून मी जो निष्कर्ष काढला होता तो आता माझा नाही.

कामातही थोडा बदल केलाय. मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करताना मूळ मजकुरात मी आजही एकही चिन्ह घालत नाही, आणि कुणी घालू नये असं माझं ठाम मत आहे. कागदात जे नाही ते आपण घातलं की तो आपला कागद होतो. पण आता सोबत एक वेगळं पान जोडतो. त्यावर चिन्हांसकट वाचन देतो, आणि जिथे दोन वाचनं संभवतात तिथे दोन्ही लिहून खाली सही करतो. वकिलांना हे आवडत नाही, त्यांना एकच हवं असतं. मला मात्र एकच देववत नाही.

ग्रुपवर सगळे प्रश्नचिन्ह टाकायला लागले असं मात्र झालेलं नाही. म्हाताऱ्या बायकांनी तर केव्हाच त्यावर तोड काढली होती: त्या लिहीतच नाहीत, बोलून पाठवतात. त्यांच्या निरोपात कधी घोळ झाल्याचं मला आठवत नाही. पण रात्री शेजारी लेकरू झोपलेलं असताना बोललेला निरोप लावून ऐकता येत नाही, रेंज नसेल तर तो उतरतही नाही. शेवटी पुतण्याच्या बायकोनेच सुचवलं की, बिबट्याचं आणि लाईटचं लिहिताना पहिला शब्द 'विचारतोय' किंवा 'सांगतोय' असा टाकायचा, मग पुढचं. तिने स्पॅनिश अकादमीचं नाव ऐकलेलं नाही. पण चिन्ह वाक्याच्या आधी हवं, वाचून उठल्यावर नव्हे, हे तिला गोठ्यापाशी कळलं होतं. आता बहुतेक वस्त्यांवरून निरोप तसे येतात. ज्यांना जमतं ते शेवटी प्रश्नचिन्हही देतात, आणि मी दोन्ही देतो.

गुरुजींचा आता आग्रह आहे की स्वल्पविरामही सक्तीचा करावा. त्यावर आमचं एकमत नाही. 'आणि', 'व', 'मग', 'तर' असताना जागोजाग स्वल्पविराम कशाला, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे, आणि ते त्यांना मी कळवलंय. त्यांनी तीन ओळींचं उत्तर पाठवलंय. उद्या सकाळी जुन्नरच्या बाजारात भेटून बोलायचं ठरलंय.